एक्झॉस्टचा हेडर गोड्या पाण्याच्या फेऱ्यात घ्यावा का? शापोऱ्याच्या होडीमालकांना सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. उत्तर गोव्यातल्या शापोरा नदीत एकांची फायबरची प्रवासी होडी आहे. तिच्यात ट्रकचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन मरीन करून बसवलंय, साधारण १२० हॉर्सपॉवरचं. ब्लॉक आणि हेड गोड्या पाण्याच्या बंद फेऱ्यावर आहेत, त्यासाठी हीट एक्स्चेंजर आहे (यात नळ्यांतलं खारं पाणी फेऱ्यातल्या पाण्याची उष्णता घेतं, दोन्ही मिसळत नाहीत). पण एक्झॉस्ट मेनिफोल्डच्या, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा जळका वायू गोळा करणाऱ्या नळाच्या, जॅकेटमधून (भोवतीच्या पाण्याच्या पोकळीतून) थेट खारं पाणी फिरतं. हा बिडाचा मेनिफोल्ड आता दुसऱ्यांदा आतून सडून फुटला. गॅरेजवाला म्हणतो, त्याच्या जागी स्टेनलेसचा हेडर, म्हणजे वेल्ड केलेला जॅकेटचा मेनिफोल्डच, बनवून देतो. मालक विचारतात: हा हेडरही बंद फेऱ्यात घेतला तर चालेल का? त्यातलं पाणी उकळणार नाही का? आहे तोच एक्स्चेंजर पुरेल का? की हेडरसाठी वेगळा पंप लावून वेगळा फेरा करावा?

घ्या, जरूर घ्या. आपल्या किनाऱ्यावर वर्षातले आठ-नऊ महिने चालणाऱ्या होडीला दुसरा शहाणा मार्ग नाही. मात्र एक गोष्ट आधीच मनात पक्की धरा. बंद फेरा केला म्हणून खारं पाणी होडीतून हद्दपार होत नाही. ते आता मुख्यतः दोन जागी उरतं, एक्स्चेंजरच्या नळ्यांत आणि एक्झॉस्टच्या एल्बोत (हेडरनंतरची वाकडी नळी, जिथे वायूत खारं पाणी सोडतात). या दोन जागांचा हिशेब आणि हेडरमधल्या हवेची वाट नीट केली नाही, तर नवा हेडर जुन्यापेक्षा लवकर जाईल.

आधी जुना मेनिफोल्ड का गेला ते पाहू. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी ६० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार गरम भिंतीवर थर धरू लागतात. म्हणूनच थेट समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या इंजिनांना ६० अंशांच्या आसपासचा थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडणारी झडप) असतो. तुमच्या मेनिफोल्डमध्ये येणारं पाणी एक्स्चेंजरमधून ४० अंशांवर येत असेल, पण भिंतीला लागून असलेला पातळ थर त्याहून बराच गरम असतो. तिथे क्षार बसतो, क्षाराखाली उष्णता अडकते, बीड आणखी तापतं. इंजिन बंद झालं की पाणी अर्धवट उतरतं आणि ओल्या, खाऱ्या भिंतीला हवा लागते. खरा गंज त्या वेळी धरतो, होडी धक्क्याला बांधलेली असताना.

बिडाचं आणखी एक लक्षण ओळखून ठेवा. खाऱ्या पाण्यात बिडातलं लोखंड निघून जातं आणि ग्रॅफाइटचा सांगाडा मागे राहतो. आकार जसाच्या तसा, जाडीही तीच, फक्त ताकद संपलेली. काढलेल्या मेनिफोल्डच्या जॅकेटमध्ये चाकूचं टोक फिरवून पाहा. काळा, मऊ भुगा निघाला तर तो तुकडा परत बसवायचा नाही, कितीही शाबूत दिसू दे. समुद्राच्या पाण्यावरचा बिडाचा मेनिफोल्ड पाच-सहा वर्षं टिकला तर पुष्कळ टिकला म्हणावं. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि मांडवी-झुवारीत खनिज वाहणाऱ्या बार्जी महिनोन्महिने नुसत्या उभ्या राहिल्या, तेव्हा हे फार वाईट रूपात पाहायला मिळालं. ज्यांच्या जॅकेटमध्ये खारं पाणी तसंच राहिलं, त्यांचे भाग एकही फेरी न मारता सडले. गोड्या पाण्याचा फेरा नीट भरलेला होता, ती इंजिनं पुन्हा सुरू झाली. चालल्यामुळे भाग झिजतो हे खरं, पण मेनिफोल्ड मुख्यतः उभ्या-उभ्याच मरतो.

आणि मेनिफोल्ड फुटणं हे नुसतं एका भागाचं नुकसान नसतं. भिंत आतल्या बाजूला फुटली की पाणी उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. तुमचं इंजिन दोन्ही वेळा यातून वाचलं, त्यावर तिसऱ्यांदा भरवसा ठेवू नका.

आता उकळण्याची भीती. एक्झॉस्टचा वायू ४५०-५०० अंशांचा, मग कूलंट (बंद फेऱ्यातलं पाणी) उकळणार नाही का, असं प्रत्येक जण विचारतो. वायू कितीही गरम असला तरी भिंतीचं तापमान ठरवतं ते तिच्या मागून वाहणारं पाणी. पाणी भिंतीला टेकून वाहत असेल तोवर भिंत पाण्यापेक्षा थोड्याच अंशांनी जास्त तापते. त्यात फेऱ्याला दाबाची टोपी असते. १ बारच्या टोपीखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. तुमचं कूलंट ८०-८५ अंशांवर फिरणार, म्हणजे हातात भरपूर जागा आहे. धोका दोनच वेळी येतो: पाणी वाहायचं थांबलं तेव्हा, आणि पाण्याच्या जागी वाफ किंवा हवा येऊन बसली तेव्हा. हेडर जळाल्याच्या ज्या तक्रारी येतात त्यांत मूळ बहुतेक वेळा या दोहोंपैकी एक असतं आणि बिचाऱ्या वेल्डरला शिव्या बसतात.

पाणी कधी थांबतं? इंजिन थंड असताना. ट्रकच्या इंजिनात थर्मोस्टॅट बंद असला की पाणी एक्स्चेंजरकडे जातच नाही. छोट्या बायपासमधून ते ब्लॉकमध्येच फिरत राहतं. तुम्ही हेडर थर्मोस्टॅटच्या पलीकडे, एक्स्चेंजरकडे जाणाऱ्या नळीत जोडला, तर सुरुवातीची पाच-सात मिनिटं हेडरमध्ये प्रवाह नाही. पण एक्झॉस्ट पहिल्या सेकंदापासून तापतोय! हेडरमधलं दोन-तीन लिटर पाणी जागच्या जागी उकळतं, वाफ टोपीतून कूलंट बाहेर फेकते, मग थर्मोस्टॅट उघडतो आणि गार पाण्याचा लोंढा तापलेल्या धातूवर येतो. असं रोज सकाळी झालं तर कुठलंही वेल्ड टिकणार नाही.

म्हणून हेडर थर्मोस्टॅटच्या अलीकडे हवा. फिरवणाऱ्या पंपाचं काही पाणी ब्लॉकच्या मागच्या बाजूने किंवा हेडच्या प्लगमधून काढा, हेडरच्या खालच्या टोकात घाला, हेडरच्या वरच्या टोकातून बाहेर काढून थर्मोस्टॅट हाउसिंगच्या इंजिनकडच्या बाजूला परत द्या. थर्मोस्टॅट उघडा असो वा बंद, हेडरमधून पाणी वाहत राहिलं पाहिजे. मुळातच मरीन म्हणून बनलेल्या कित्येक इंजिनांत मेनिफोल्ड, हेडर टँक (कूलंटची वरची टाकी) आणि एक्स्चेंजर एकाच ओतकामात असतात, ते याच कारणाने. बोमनसारख्या कंपन्या काही ट्रक इंजिनांसाठी असे जोडसंच बनवतात. तुमच्या मॉडेलसाठी तयार संच मिळत असेल तर स्टेनलेसचा हेडर घडवण्याआधी त्याची किंमत विचारा. माझं मत विचाराल तर मी तोच घेईन.

हवेची गोष्ट इथे जरा सविस्तर सांगतो, कारण लोक हीच कमी लेखतात. धक्क्याला बांधलेली होडी आणि चालणारी होडी यांचा कल वेगळा असतो. शाफ्ट मागे खाली उतरतो, म्हणून इंजिन आधीच पुढून वर उचललेलं असतं. वेग घेतला की नाळेचा, म्हणजे होडीचा पुढचा, भाग आणखी वर येतो. म्हणजे हेडरचा पुढचा वरचा कोपरा हा सगळ्यात उंच बिंदू. वर्कशॉपच्या सपाट फरशीवर हेडर बनवताना वेल्डर हवेचं भोक मध्यभागी किंवा मागच्या टोकाला देतो, आणि चालत्या होडीत हवा पुढच्या कोपऱ्यात अडकून बसते. नेमका तिथला, एक नंबर सिलिंडरचा तोंडाचा भाग कोरडा तापतो. हेडरवर पुढच्या वरच्या कोपऱ्यात हवेची नळी हवीच. आतला व्यास ६ ते ८ मिलिमीटर, एक्स्पान्शन टँकपर्यंत (तापून फुगलेलं कूलंट सामावणारी टाकी) सतत चढत जाणारी, मध्ये कुठेही खाली झोळ न पडणारी. ब्लॉकची हवेची नळी वेगळी आणि हेडरची वेगळी. दोन्ही टी लावून एकत्र केल्या तर जास्त दाबाची नळी दुसरीला अडवते.

एक्स्पान्शन टँक इंजिनाच्या सगळ्यात उंच बिंदूच्याही वर असावा, होडी कललेली असतानाही. त्याच्या तळातून एक जाड नळी, निदान २० मिलिमीटरची, पंपाच्या ओढीच्या बाजूला उतरू द्या. हवा वर येते, तिच्या जागी पाणी खाली जातं. ही खालची नळी बारीक ठेवली तर इंजिन जोरात फिरताना पंपाच्या तोंडाशी दाब कमी होतो आणि तिथेच बुडबुडे तयार होतात. टँकचा आकार किती? पाणी ३० अंशांवरून ९० अंशांवर गेलं की सुमारे ३ टक्के फुगतं, कूलंटचं मिश्रण थोडं जास्त. तुमच्या फेऱ्यात हेडर धरून ३० लिटर धरले तर फुगवटा एक-सव्वा लिटर. टँकमध्ये तेवढी रिकामी जागा आणि शिवाय दोन-तीन लिटर राखीव कूलंट मावलं पाहिजे.

आता एक्स्चेंजर. इथे आकडे मांडल्याशिवाय कोणी ‘पुरेल’ म्हटलं तर ऐकू नका. १२० हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ९० किलोवॅट. पूर्ण जोरात असं इंजिन तासाला २० किलोच्या आसपास डिझेल जाळतं, म्हणजे एकूण २३५ किलोवॅट उष्णता. त्यातली ९० शाफ्टवर गेली, उरलेली एक्झॉस्ट, कूलंट, ऑइल आणि इंजिनरूमची हवा यांच्यात वाटली जाते. मेनिफोल्ड बाहेर असताना कूलंटकडे साधारण ६०-६५ किलोवॅट येतात. जॅकेटचा हेडर फेऱ्यात घेतला की १५ ते २० किलोवॅट आणखी येतील. म्हणजे ८० धरून चला. हे अंदाज आहेत, इंजिनाच्या कंपनीचा उष्णतेचा तक्ता मिळाला तर तोच वापरा. पण भार पाव ते एक तृतीयांश वाढतो, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. आहे तो एक्स्चेंजर नुसत्या ब्लॉकच्या मापाने घेतलेला असेल तर तो पुरणार नाही. ओहोटीच्या प्रवाहाविरुद्ध भरलेली होडी चढवताना, मार्च-एप्रिलमध्ये, नेमका तेव्हा तो कमी पडेल.

आपल्याकडे आणखी एक फटका बसतो. आपलं समुद्राचं पाणी २७ ते ३० अंशांचं. थंड देशांतला जुना एक्स्चेंजर भंगारातून स्वस्त मिळतो, त्यावर किलोवॅटचा आकडाही छापलेला असतो, पण तो १५ अंशांच्या पाण्यासाठी असू शकतो. कूलंट ८५ वरून ७८ वर येतंय आणि समुद्राचं पाणी ३० वरून ४१ वर जातंय असं धरलं, तर दोन्हींतला सरासरी फरक ४६ अंश पडतो. १५ अंशांच्या समुद्रात तोच फरक ६१ असतो. म्हणजे तोच एक्स्चेंजर इथे पाव भाग कमी काम करणार. त्यात नळ्यांना गाळ आणि क्षार धरणार. विकत घेताना ‘३२ अंशांच्या समुद्राच्या पाण्याला किती किलोवॅट’ हाच प्रश्न विचारा आणि आलेल्या गरजेवर निदान २० टक्के वर घ्या. मोठा एक्स्चेंजर घेतल्याने इंजिन गार पडत नाही, ते काम थर्मोस्टॅट सांभाळतो.

समुद्राच्या पाण्याचा पंप तपासा. ८० किलोवॅट ११ अंशांच्या वाढीत उचलायचे तर मिनिटाला सुमारे १०५ लिटर पाणी हवं. मोजायला उपकरण लागत नाही. एक्झॉस्टच्या तोंडाशी मोठी बादली धरा आणि घड्याळ लावा. पंपाच्या पत्रकावरचा आकडा नव्या इम्पेलरचा (पंपातल्या रबरी पात्यांच्या चाकाचा) असतो, पाती वाकलेल्या इम्पेलरचा नव्हे.

पाण्याची नवी वाट अशी होईल: सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा तळाचा नळ), जाळी, पंप, गिअरबॉक्सचा ऑइल कूलर, एक्स्चेंजर आणि तिथून थेट एल्बो. पूर्वी एक्स्चेंजरनंतर मेनिफोल्ड होता, तो आता या वाटेवर नाही. एल्बोला मात्र खारं पाणी द्यावंच लागतं, कारण मागचा रबरी होज आणि फायबरचा सायलेन्सर त्याच पाण्याने गार राहतात. एल्बो बंद फेऱ्यात घेता येईल का, असं विचारू नका. जॅकेट गोड्या पाण्यावर ठेवता येईल, पण ज्या जागी वायूत पाणी मिसळतं ती जागा खारीच राहणार. तिथे ४०० अंशांचा वायू, मीठ, हवा आणि काजळी असं सगळं एकत्र येतं. त्यामुळे एल्बो हा बदलायचाच भाग आहे असं धरा आणि तो हेडरपासून फ्लँजने सुटा होईल असा बनवा. हेडर आणि एल्बो एकाच वेल्डमध्ये जोडलेले मी अनेकदा पाहिलेत. मग एल्बो गेला की चांगला हेडरही भंगारात जातो.

उंचीची मापं चुकवू नका. पाणी सोडण्याची जागा हेडरच्या तोंडापेक्षा खाली असावी, आणि एल्बोचा कमानीचा माथा हेडरच्या वर. म्हणजे पाणी मागे परतून इंजिनाकडे येणार नाही. पाणी सोडण्याची जागा पूर्ण भरलेल्या होडीच्या जलरेषेपेक्षा निदान १५० मिलिमीटर वर नसेल, तर त्या नळीत अँटी-सायफन व्हॉल्व्ह (इंजिन बंद असताना पाणी आपोआप ओढलं जाऊ न देणारा) हवाच. माप घेताना प्रवाशांनी भरलेलीच होडी धरा. रिकाम्या होडीवर घेतलेलं माप रविवारी खोटं ठरतं. आणि इंजिन सुरू होत नाहीये म्हणून स्टार्टर पुन्हा पुन्हा मारताना सी-कॉक बंद करा. इंजिन फिरतं तोवर पंप पाणी ढकलतोच, पण वायूचा जोर नसल्यामुळे ते बाहेर जात नाही. सायलेन्सर भरतो आणि पाणी मागे चढतं. इंजिन लागलं की लगेच सी-कॉक उघडायचा, हे ज्याच्या हातात चावी आहे त्याला पाठ हवं.

हेडर आणि एल्बो यांच्यामधला जो भाग कोरडा राहील त्यावर उष्णतारोधक गुंडाळा. मोठ्या जहाजांसाठी सोलासचा (जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) नियम असा आहे की २२० अंशांच्या वर तापू शकणारा आणि गळक्या तेलाचा संपर्क येऊ शकणारा पृष्ठभाग झाकलेला हवा. तुमच्या होडीला तो लागू नसेल, पण फायबरच्या होडीत हीच मर्यादा मी धरतो. काही जण म्हणतात, जॅकेट नको, कोरडा मेनिफोल्ड आणि वर नुसतं गुंडाळण. हवेशीर, मोठ्या इंजिनरूमच्या बोटींना ते चालतं. फळीखाली बंद केलेल्या इंजिनावर आणि वर बसलेल्या प्रवाशांखाली मला ते मान्य नाही.

आता स्टेनलेस. गॅरेजवाल्याचा हेडर वाईट नाही, पण तो खाऱ्या पाण्यावर लावला असता तर मी सरळ नको म्हटलं असतं. ३०४ नंबरचं स्टेनलेस ६० अंशांच्या वरच्या खाऱ्या पाण्यात वेल्डजवळ तडकतं, तेही बाहेरून गंज न दिसता. ३१६ एल थोडं बरं, अमर नाही. गोड्या पाण्याच्या फेऱ्यात मात्र स्टेनलेस उत्तम टिकतं. घडवताना तीन गोष्टी मागून घ्या. ३१६ एलच वापरायचं, कारण कधीतरी एक्स्चेंजरची नळी फुटून मीठ फेऱ्यात येणारच. प्रत्येक सिलिंडरचा फ्लँज वेगळा किंवा एकाआड कापलेला, कारण स्टेनलेस बिडाच्या दीडपट फुगतं आणि एकसंध पट्टी हेडवर ताणून गास्केट ओढते. आणि वेल्डिंगनंतर फ्लँज मशीनवर सपाट करून घ्यायचे. बसवण्याआधी हेडरची सगळी तोंडं बंद करून दोन बारवर पाण्याने अर्धा तास दाब द्या. हवेने नको, मोठ्या भांड्यात दाबलेली हवा फुटली तर माणूस जखमी होतो.

जुना, वेल्ड करून दुरुस्त केलेला बिडाचा मेनिफोल्ड बंद फेऱ्यात घालू नका. त्याच्या छिद्रांत मीठ मुरलेलं असतं. ते महिनोन्महिने कूलंटमध्ये झिरपत राहतं, आणि गंजाचे पापुद्रे सुटून एक्स्चेंजरच्या नळ्यांच्या तोंडाशी साचतात. स्वस्तात काम झालं असं वाटतं आणि त्या मिठाचा उपद्रव ब्लॉकला होतो.

कूलंटविषयी. गोव्यात पाणी गोठत नाही म्हणून लोक नुसतं विहिरीचं पाणी भरतात. किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, म्हणजे आपण ज्या मिठापासून पळतोय तेच आत ओततो. डिस्टिल्ड पाणी आणि चांगलं कूलंट, निम्मं-निम्मं किंवा ७०-३०. ग्लायकॉल वाढलं की उकळबिंदू चढतो, पण पाण्याची उष्णता उचलण्याची ताकद घटते; निम्म्या मिश्रणात ती दहा-पंधरा टक्क्यांनी कमी होते. मी ७०-३० पसंत करतो, गंजरोधकाची किमान मात्रा डब्यावर लिहिलेली असते ती पाळून. तुमच्या इंजिनात ओले लायनर (सिलिंडरची आतली नळकांडी, ज्यांना कूलंट थेट लागतं) असतील तर कूलंट डिझेल इंजिनाचंच घ्या, लायनरला बारीक खड्डे पडू न देणारं. फेऱ्यात जस्त चढवलेली पाइप कुठेही वापरू नका. कूलंट जस्ताशी भांडतं आणि चिकट गाळ तयार होतो.

वेगळा पंप आणि वेगळा फेरा? तुमच्या होडीत गरज नाही. वेगळ्या फेऱ्याला दुसरा एक्स्चेंजर, दुसरा टँक आणि दुसरी टोपी लागते, आणि बहुतेक वेळा वर विजेचा पंप. तो पंप बंद पडला तर ब्लॉकचा तापमान-काटा शांतपणे ८२ दाखवत राहतो आणि हेडर लाल होतो. इंजिनाचाच बेल्टवर चालणारा पंप एवढं पाणी सहज फिरवतो, त्याचं माप ट्रकच्या रेडिएटरसाठी केलेलं असतं.

कामाला हात घालण्यापूर्वी कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याच्या सर्व्हेअरला बदल सांगून ठेवा, प्रवासी होडीच्या यंत्रात फेरफार करतोय म्हणून. पहिली चाचणी धक्क्याला बांधून, गिअर टाकून घ्या. कूलंट भरताना हेडरच्या हवेच्या नळीतून अखंड धार येईपर्यंत ती टँककडून सोडून ठेवा. इंजिन चालू झाल्यावर थर्मोस्टॅट उघडण्याआधीच हेडरचं पुढचं आणि मागचं टोक इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. चकचकीत स्टेनलेसवर हे यंत्र चुकीचं दाखवतं, म्हणून दोन्ही जागी काळ्या रंगाचा ठिपका मारून घ्या. दोन टोकांत दहा अंशांपेक्षा जास्त फरक पडला तर हवा अडकली आहे किंवा प्रवाह नाही. मग नदीत पूर्ण जोरात अर्धा तास, आणि परत धक्क्यावर पाच मिनिटं नुसतं सुस्त चालवून बंद. जोरात चालवून एकदम बंद केलं तर हेडरमधली उष्णता थांबलेल्या पाण्यात उतरते.

दोन अलार्म लावा. एक ब्लॉकच्या कूलंटचा, तो असेलच. दुसरा एल्बोनंतरच्या रबरी होजवर, ७५ अंशांच्या आसपास वाजणारा. चांगल्या प्रवाहात तो होज हात टेकवता येईल इतपतच तापतो. शापोऱ्याच्या तोंडाशी वाळूची पट्टी आहे, ओहोटीला तळ ढवळला जातो, प्लास्टिकची पिशवी सी-कॉकवर चिकटते. खारं पाणी थांबलं की कूलंटचा काटा वर यायला काही मिनिटं लागतात, होज मात्र अर्ध्या मिनिटात तापतो. इम्पेलर वाचायचा असेल तर तेवढाच वेळ असतो. इम्पेलरचं पातं तुटलं तर ते शोधल्याशिवाय नवा बसवू नका. ते एक्स्चेंजरच्या तोंडाशीच सापडेल.

पावसाळ्यातली देखभाल आता सोपी होईल. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा मालिम, कुटबण, सगळ्या मासेमारी धक्क्यांवरचे कारागीर ट्रॉलरच्या कामात गुंततात, म्हणून तुमची तारीख मेमध्येच ठरवा. समुद्राच्या बाजूने गोडं पाणी वाहवा, एक्स्चेंजरची दोन्ही झाकणं उघडा, नळ्यांतून लाकडी किंवा नायलॉनची सळई फिरवा, लोखंडी नको. क्षार असेल तर सौम्य सायट्रिक ॲसिड पुरतं. संडास धुण्याचं ॲसिड ॲल्युमिनियमच्या झाकणाला खातं. पेन्सिल झिंक (आधी स्वतः गंजून बाकीचा धातू वाचवणारी जस्ताची कांडी, म्हणजे ॲनोड) निम्मं झालं की बदला. पावसात होडी नदीतच ठेवणार असाल तर हे लक्षात घ्या की तेव्हा शापोऱ्याचं पाणी जवळजवळ गोडं होतं आणि गोड्या पाण्यात झिंकवर साय धरून ते काम करायचं थांबवतं. मचूळ पाण्यात ॲल्युमिनियमचा ॲनोड बरा.

शेवटी खर्चाचं. सगळं एका हंगामात झेपत नसेल, तर क्रम उलटा करू नका. आधी मोठा एक्स्चेंजर आणि सुटा एल्बो घ्या, आणि मेनिफोल्ड सध्या खाऱ्या पाण्याचाच नवा बसवा. मोठ्या एक्स्चेंजरला कमी भार मिळाला तर काही बिघडत नाही. पुढच्या वर्षी हेडर फेऱ्यात घ्या. आधी हेडर फेऱ्यात घेऊन लहान एक्स्चेंजरवर हंगाम काढायचा बेत असेल, तर तो रद्द करा.